पाच मुकी चाकं

कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीमागे लोखंडी सळीवर ग्राइंडिंगचं चाक टांगलेलं होतं. वहिनीने स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने त्याच्या कडेला हलकेच टोला दिला. निरोगी चाक टण्ण वाजतं आणि नाद जरा रेंगाळतो. आत तडा असेल तर भिजल्या खोक्यावर थाप मारावी तसा थप्प आवाज येतो. हे चाक थप्प वाजलं. आधीची चारही तशीच वाजली होती. नवं खोकं सकाळीच उघडलं होतं आणि त्यातली पाचही चाकं मुकी निघाली.

खिडकीबाहेर तिचा धाकटा दीर उभा होता. ग्राइंडिंग मशीन त्याच्याकडे. तो वहिनी म्हणतो म्हणून अख्खा कारखाना तिला वहिनी म्हणतो. वयाने मोठा असलेला फोरमनही. तडा गेलेलं चाक मशीनवर चढलं तर वेग घेताच फुटतं, आणि तुकडे समोरच्या माणसाला विचारून येत नाहीत. त्यामुळे वहिनीने वाजवल्याशिवाय एकही चाक खिडकीबाहेर जात नसे.

मशीन सकाळपासून थंड होतं. फोरमन तणतणत आला. "अख्खं खोकं खराब? वहिनी, चाकं बिघडलीत की कान?"

तो हसत बोलला होता, पण हसलं कुणीच नाही. प्रश्न बरोबर होता. वहिनीच्या कानातली यंत्रं परवाच आलेली होती.

पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या दणदणाटात तरुणपण गेलं तेव्हा तिचे कान गेले. मग स्टोअर मिळालं आणि श्रवणयंत्रंही. ती तिने डोळ्यात तेल घालून जपली. रोज संध्याकाळी मऊ ब्रशने मळ काढायचा, बॅटरीचं झाकण उघडं ठेवायचं आणि ओल शोषणाऱ्या खड्यांच्या डबीत यंत्रं निजवायची. मळ अडवणारी बारीक जाळी बुजली की लगेच बदलायची. नवरा म्हणायचा, "मला कधी एवढं पुसलं नाहीस." ती म्हणायची, "तुमची वॉरंटी कधीच संपली."

कानतपासनीस बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पाचेक वर्षं चालतील, फार तर सहा; घामाच्या जागी त्याहून कमी. वहिनीने सातवं वर्ष ओढलं. अधूनमधून खरखर यायची, ती झटकून चालवून घ्यायची.

मग मागच्या पंधरवड्यात तिने पास केलेलं एक चाक दिराने चढवण्याआधी फडक्याने पुसलं आणि त्याला केसाएवढी रेघ दिसली. त्याने मशीन सुरू केलं नाही. चाक वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या टेबलाखाली आणून ठेवलं. फोरमनला सांगितलं नाही, घरी थोरल्या भावालाही नाही. वहिनी दुसऱ्याच दिवशी नवी यंत्रं मागवायला गेली.

आता नवी यंत्रं म्हणत होती, पाचही खराब. फोरमनला स्वतः ऐकायला सांगण्यात अर्थ नव्हता; त्या शेडमध्ये वीस वर्षं काढलेल्या कुणाचाच कान शाबूत नव्हता. वहिनीने ड्रॉवर उघडून जुनी यंत्रं काढली, ताजी बॅटरी घातली, कानात बसवली. एकेक चाक पुन्हा टांगलं.

टण्ण. पाचही.

"झालं तर मग," फोरमन म्हणाला. "द्या एक."

वहिनी हलली नाही. दिराने तिचा चेहरा पाहिला आणि घाईने मध्ये पडला. वहिनी, द्या, मी गार्ड लावून बाजूला उभा राहतो, काही होत नाही, असं तो म्हणत राहिला. रेघेच्या चाकाचं तिने बोलू नये, एवढंच त्याला हवं होतं.

"भाऊजी, बाजूलाच उभं राहायचं तर चाक वाजवायचं कशाला?" मग ती फोरमनकडे वळली. "याच जुन्या यंत्रांनी मी पंधरवड्यापूर्वी तडा गेलेलं चाक पास केलंय. भाऊजींच्या नजरेला पडलं म्हणून वाचले."

फोरमनने दिराकडे पाहिलं. दीर जमिनीकडे बघत होता. फोरमनचा आवाज उलट खाली आला. त्याने सांगितलं की आज मशीन बंद राहील; उद्या सकाळी वहिनीने पाचांचा निकाल द्यावा, नाहीतर चाकं वाजवायला दुसरं माणूस बसेल. कोण, ते त्यालाही ठाऊक नसावं.

संध्याकाळी वहिनीने पिशवीत दोन चाकं घेतली. एक महिनाभर मशीनवर बिनतक्रार चाललेलं आणि आता झिजून उतरवलेलं. दुसरं वर्तमानपत्रातलं, रेघेचं. कानतपासनीस बाईंच्या काचेच्या टेबलावर ती ठेवताच बाईंच्या कपाळाला आठी पडली. पण म्हणणं त्यांनी पुरतं ऐकलं. नवं यंत्र तपासणीच्या नळीला जोडून, नळी कानात घालून त्यांनी वहिनीला चांगलं चाक वाजवायला सांगितलं. तीनदा ऐकलं. मग यंत्र काढून नुसत्या कानाने ऐकलं.

"तुमच्या चाकाचा नाद याला शिट्टी वाटतोय," त्या म्हणाल्या. "कानात यंत्र शिट्टी मारायला लागलं की ती दाबायची, ही याची सवय. जुन्याला ती नव्हती. पण जुन्याने इतका घाम प्यायलाय की ते कधी काय ऐकवेल, सांगता येत नाही."

यंत्र देताना तुमचं काम विचारायला हवं होतं, हेही त्या म्हणाल्या. कॉम्प्युटरला जोडून त्यांनी नव्या यंत्रात वेगळी सेटिंग केली. बटण दाबलं की ती शिट्टी दाबण्याची सवय बंद. आवाज थोडा कमी, म्हणजे खरी शिट्टी येणार नाही. चाक वाजवून झालं की बटण पुन्हा दाबायचं. मग त्यांनी वहिनीला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि पाठीमागे चाकं वाजवली. मध्येच एकच चाक दोनदा वाजवून फसवूनही पाहिलं. वहिनी फसली नाही. तरी तिने पुन्हा वाजवायला लावलं, आणि पुन्हा.

सकाळी खिडकीबाहेर दोघंही हजर होते. वहिनीने आधी पिशवीतली दोन वाजवली, एक टण्ण, एक थप्प. मग खोक्यातली पाच.

टण्ण. टण्ण. टण्ण. चौथं थप्प. पाचवं टण्ण.

दिराने चौथं चाक उचलून उजेडात फिरवलं, फडक्याने पुसलं. रेघ नव्हती. "वहिनी, परत बघा."

तिने चाक थोडं फिरवून टांगलं आणि दुसऱ्या जागी टोला दिला. थप्प.

"मागच्या वेळी रेघ मला दिसली होती," तो हलकेच म्हणाला. "इथे काहीच नाही."

"म्हणूनच तर वाजवायचं."

नापास चाक खिडकीपाशीच फोडायचं, म्हणजे चुकूनही कुणाच्या हाती लागत नाही, ही तिथली पद्धत. तिने चाक गोणपाटात गुंडाळून जमिनीवर ठेवलं, त्यावर हातोडा घातला. फोरमनने वाकून तुकडे उचलले. फुटलेल्या कडेचा अर्धा भाग ताजा, स्वच्छ होता. उरलेल्या अर्ध्यावर खोक्यातली धूळ बसली होती. तडा हातोड्याच्या आधीचा होता. फोरमनने ते तुकडे दिराच्या हातात दिले आणि शेडकडे निघून गेला.

दिराने पहिलं चाक नेलं. वहिनीने खिडकी लावली, आणि एरवी कधी जात नसे ती त्याच्या मागोमाग गेली. त्याने चाक चढवलं, गार्ड लावला, नव्या चाकाला करतात तसा बाजूला सरकून मशीन रिकामंच चालू केलं. चाकाने वेग धरला. वहिनीने बटण पुन्हा दाबलं नव्हतं. मशीनचा घोंघाट जसाच्या तसा तिच्या कानात शिरत होता. तिने तो येऊ दिला.

रिकामं चालवायची नियमाची वेळ भरली. दिराने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग घासायचा जॉब उचलला आणि तो चाकासमोर येऊन उभा राहिला.