अर्थशास्त्राची एकच प्रत

लष्करातून नाईक म्हणून निवृत्त झालो आणि सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथालयाचा शिपाई म्हणून लागलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बारा कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला. संशय हा माझा जन्माचा सोबती. गावी, कुंडलला, घरच्या गुळाच्या ढेपेवरही मी खूण करून ठेवायचो, बायको कपाळावर हात मारून घ्यायची.

पुस्तक हवं असेल तर मुलांनी चिठ्ठी लिहायची, मी कपाट उघडून बघायचं. नसलं तर 'न्हाई' म्हणायचं. कधीकधी असलं तरी म्हणायचो, आता खोटं कशाला बोलू? उठायचा कंटाळा यायचा.

टेबलाला सुतळीनं एक तक्रारवही बांधलेली होती. तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. मग साताऱ्याहून नवे ग्रंथपाल आले आणि त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचून काढली. पुस्तकं बघायलाच मिळत नाहीत तर मागायचं काय, असं बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. पंधरा दिवसांत सगळी कुलपं निघाली. ज्यानं त्यानं कपाटापाशी जावं, हवं ते काढावं, तिथंच बसून वाचावं. प्राचार्यांनी मात्र बजावलं, एक सत्र बघू, पुस्तकं गेली तर कुलपं परत. माझ्या मनात उकळ्या फुटल्या. पुस्तकं जाणारच होती, आणि चोर मीच पकडणार होतो.

महिन्याभरात माग लागला. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला लागणारं अर्थशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक होतं, त्याची एकच प्रत. ते जागेवर सापडेना. झाडलोट करताना जुन्या सरकारी अहवालांच्या मागं हात घातला, तर तिथं ते आडवं दडवलेलं. म्हटलं, आलं ध्यानात! आज मागं सरकवायचं, उद्या पिशवीत. मी ते तिथंच राहू दिलं आणि पाळत ठेवली.

दुपारी बाराला पलूसकडची एक बाई आली. पंचविशीची, खांद्यावर कापडी पिशवी, पदर घट्ट आवळलेला. सरळ अहवालांपाशी गेली. चारपर्यंत मान वर न करता लिहीत बसली आणि जाताना पुस्तक पुन्हा मागं ढकललं. दुसऱ्या दिवशीही तेच. एवढा मोठा पदर कशाला लागतो, मी मनात म्हणालो.

तिसऱ्या दिवशी चार वाजता तिला दारात अडवलं.

"पिशवी दाखवा."

"काय झालं मामा?"

मी पिशवी टेबलावर पालथी केली. रिकामा डबा, वही, कंगवा, एक आंतरदेशीय पत्र. सगळं वाचनालय बघत होतं. दोन पोरं फिदीफिदी हसली. पुस्तक नव्हतं. माझा पारा आणखीच चढला.

"मग मागं का दडवता?"

"दडवू न्हाई तर काय करू?" तिनं नजर सरळ माझ्यावर रोखली. "वसतिगृहाची पोरं धाला येऊन घेत्यात, दिवसभर सोडत न्हाईत. माझी एस.टी. बाराला पोचती, साडेचारला परत. ह्याच इषयात गेल्या साली नापास झाले. मालक मिल्ट्रीत हायती, सासऱ्यांनी एकच साल दिलंय. सुटले तर गावातल्या शाळेत मास्तरीण व्हईन, न्हाई तर बास."

डबा, वही सगळं एकेक करून पिशवीत भरलं आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही.

पुस्तक दडवणारी सापडली, हे मी मोठ्या तोऱ्यात ग्रंथपालांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि ती तक्रारवही माझ्यापुढं सरकवली. "तुम्हीही लिहा की. काय करायला हवं?"

लष्करातल्या पहाऱ्याच्या नोंदीपलीकडे मी कधी काही लिहिलं नव्हतं. शेवटी लिहिलं, की एकच प्रत असेल ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवावं, दोन-दोन तास पाळीनं द्यावं, आणि दुपारी बारा ते चारच्या दोन्ही पाळ्या बाहेरगावच्यांना राखाव्यात. ग्रंथपालांनी त्याच दिवशी तसा फलक लावला आणि घेणाऱ्याच्या सहीसाठी माझ्या टेबलावर एक नोंदवही ठेवली.

आणि कुणी फिरकेना! पुस्तक माझ्यासमोर, पोरं लांबून बघायची. म्हातारा नावं टिपून घेतोय, प्राचार्यांकडं देणार, अशी कुजबुज मी कानांनी ऐकली. राग आला, पण रागवायचं कुणावर? परीक्षा महिन्यावर आलेली, ती बाई नाही. रोज बाराच्या सुमारास माझी नजर दाराकडं जायची. माझ्यामुळं एका बाईचं वर्ष बुडतंय, हे जेवतानाही डोक्यातून जायचं नाही.

नवव्या दिवशी ती आली. माझ्याकडं न बघता कोपऱ्यात बसली आणि कुणाचं तरी फाटकं गाइड उघडलं. मी उठलो, पुस्तक उचललं आणि तिच्यापुढं नेऊन ठेवलं.

"चुकलं माझं, पोरी," मी म्हणालो. लष्करात साहेबापुढंही हे शब्द माझ्या तोंडून निघाले नव्हते. "चारपातुर तुझंच हाय. वाच."

तिनं पुस्तकाला हात लावला नाही.

"सही कुठं करायची?"

"सही नको. तुला कशाला?"

"आवं, घ्या मामा," ती म्हणाली. "उद्या तुमीच म्हणाल, बाईनं पळवलं."

मी टेबलावरची नोंदवही आणून दिली. तिनं नाव, वर्ग, तारीख, वेळ सगळं ठळक अक्षरात लिहिलं, पुस्तकाची पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासली, एक पान निम्मं फाटलेलं होतं तेही लिहून ठेवलं. मग पेन माझ्या हातात दिलं.

"आता तुमीबी करा. फाटलेलं पान माझ्या नावावर नको."

मी सही केली. तेव्हा कुठं तिनं पुस्तक जवळ ओढलं.