ओल्या पोत्यातली पानं

उसाला ताण आला की त्याची कोणती जनुकं जागी होतात, यावर मी पीएच.डी. करत होते. मला ताण आला की काय होतं, यासाठी कुणी शिष्यवृत्ती देत नव्हतं.

बारामतीहून द्रव नायट्रोजनची टाकी सांभाळत मी डाळजला जायची. तिथं एका आबांची दोन वावरं होती. रस्त्याकडचं चांगलं, खालचं खारवट झालेलं. दोन्हीकडं उसाचे तेच दोन वाण. पानं कापायची आणि कापल्या क्षणी गोठवायची, कारण तुटण्याचाही पानाला ताण येतो; एवढंच काम. चांगल्या वावरातली मी कापायची. खालच्या वावराकडं निघाले की आबा आडवे यायचे. "तुमी कशाला चिखलात, ताई? बसा, चा घ्या. मी आणतो." मी बसायची. संशोधनात शेतकऱ्यांचा सहभाग हवा, असं आमच्या प्रस्तावातच लिहिलं होतं.

निकाल आला तो डोळे दिपवणारा. खालच्या उसाची हजारो जनुकं बोंब मारत होती. मी रंगीत आलेख काढले, दोन वाणांपैकी एकाला खारट जमिनीचा पैलवान ठरवलं, टाळ्या घेतल्या. मार्गदर्शकांनी तर पहिल्यांदाच माझं नाव बरोबर घेतलं. प्रबंध द्यायला आठवडा उरला, तेव्हा पेढे घेऊन डाळजला गेले.

"आबा, तुमच्यामुळं झालं सगळं."

"आवो, मी काय केलं? तुमचा खोळंबा नगं म्हणून पहाटंच कापून ठिवायचो, वल्या पोत्यात. एक बी पान सुकू दिलं न्हाय!"

मी पोचायची अकराला. म्हणजे पहाटेपासून तुटून पडलेल्या पानांचा आकांत मी मिठाच्या नावावर खपवला होता. ऊस बिचारा खरं बोलत होता. आबांवर चिडायचा मी मनापासून प्रयत्न केला, पण चहा तर मीच पीत बसले होते.

"मग ताई, खालच्या वावरात कोणता ऊस लावू? लागण तोंडावर आलीया."

इतके दिवस हा माणूस या उत्तरासाठी पहाटे चिखलात उतरत होता. त्या पैलवानाचं नाव सांगून मला उठता आलं असतं. मला फार लाज वाटली.

"मला माहीत नाही, आबा. माझं सगळं चुकलंय."

"मग परत करू की," आबा म्हणाले आणि पेढा तोंडात टाकला.

बांधावरूनच मार्गदर्शकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते बोलले, तेव्हा माझं नाव पुन्हा चुकले.