मामांची जीभ, मामींची वाईन

साऱ्या ठाणे जिल्ह्यात वाईन कळणारा माणूस एकच होता आणि तो म्हणजे माझे मामा, असं खुद्द मामांचं मत होतं. गंमत अशी, की आम्हा सगळ्यांचंही तेच मत होतं. मामा कल्याण स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते. बंद करंडीला नाक लावून आतले आंबे देवगडचे की अलिबागचे हे ते सांगत, आणि ज्याचं पार्सल असे तो शेतकरी त्यांच्याकडे भुताकडे पाहावं तसा पाहत राही. पण आंबे हा त्यांच्या लेखी पोरखेळ होता. नाक आणि जीभ देवाने आपल्याला दिली ती वर्षातल्या एका दुपारसाठी, नाताळच्या जेवणासाठी, अशी त्यांची पक्की समजूत होती.

आम्हा ठाण्याच्या ख्रिस्ती मंडळींत नाताळची लाल वाईन घरोघरी होत असे. कुणी काळ्या मनुकांची करी, कुणी नाशिकच्या द्राक्षांची. माझी आई जूनमध्येच जांभळांची घालून ठेवी. चर्चमधली सकाळची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपली, की नातेवाईक आणि शेजारी आपापली बाटली घेऊन मामांच्या घरी जमत. माझे वडील स्वयंपाकघरात प्रत्येक घरची वाईन वेगळ्या पेल्यात ओतून पेल्याच्या दांडीला रंगीत दोरा बांधत. कुठला दोरा कुणाचा, हे फक्त त्यांना ठाऊक. बाहेर मामा एकेक पेला चाखून नंबर लावायला आपल्या वेताच्या खुर्चीत पांढरा कोट घालून बसलेले असत, चेहरा असा की आता कुणाला तरी जन्मठेप होणार.

या दुपारची तयारी महिनाभर आधी सुरू होई. डिसेंबर लागला की मामांचा कांदा बंद, हिरवी मिरची बंद, तपकीर बंद. घरात कुणी फोडणी दिली, तर ते नाकाला रुमाल लावून चर्चच्या पायऱ्यांवर जाऊन बसत. एका वर्षी डोंबिवलीचे आमचे काका डोक्याला जाईचं तेल चोपडून आले. मामांनी त्यांना उंबरठ्यावरच अडवलं. "तुम्ही माणूस चांगले आहात, पण आज तुमचं डोकं आत येता कामा नये." काकांचं ताट विहिरीपाशी गेलं. बदकाचे दोन तुकडे जास्त मिळाले म्हणून काका पुढच्या वर्षीही तेल लावून आले, ही गोष्ट वेगळी.

आणि मामांचे ते निकाल! मनुकांची एक वाईन बरणीत फार दिवस राहिली होती. मामांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हिला कल्याणला उतरायचं होतं. झोप लागली, थेट कसाऱ्याला गेली." गोड झालेल्या वाईनबद्दल म्हणाले, "साखरेने हिला इतकं लाडावलंय, की ही सासरी टिकायची नाही." आईच्या जांभळाच्या वाईनला पहिला नंबर देताना ते उभे राहिले होते. आई आठवडाभर हवेत चालत होती.

पुढे दारूबंदी आली आणि वाईनला आम्ही 'सरबत' म्हणू लागलो. अशाच एका नाताळला गल्लीतले हवालदार शुभेच्छा द्यायला अचानक घरात आले. वडिलांनी लगबगीने एक पेला पुढे केला, "घ्या, मनुकांचं सरबत." हवालदारांनी तो सावकाश संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "बरं आहे. पण गाळायची घाई केलीत." मामा खुर्चीतून ताडकन उठले. आम्हाला वाटलं, संपलं सगळं. मामांनी हवालदारांचे दोन्ही हात धरले. "इतकी वर्षं कुठे होता हो तुम्ही?"

या सगळ्यात मामींचा नंबर मात्र दरवर्षी शेवटचा. त्यांच्या वाईनमध्ये दालचिनी असे. तो वास आला की मामा पेला अलगद टोकाला सरकवत. घरच्या बाईला वर काढलं तर न्यायावर कुणाचा विश्वास राहील, असं ते म्हणत. मामी हसून म्हणत, "जज्जाच्या बायकोने कोर्टात जाऊच नये." पण हसतानाही त्यांची नजर त्या पेल्यावर असे.

एका पावसाळ्यात मामींना विषमज्वर झाला. ताप उतरला, पण अंगात काही राहिलं नाही. तरी स्टुलावर बसून त्यांनी मनुका निवडल्या, बरणी भरली. ती रोज ढवळायला माझी आई जाई. एक दिवस त्या आईला म्हणाल्या, "यंदा दालचिनी नको. एकदा तरी त्यांच्या तोंडून पहिला नंबर ऐकायचाय. पुढच्या नाताळचं कुणी पाहिलंय?" आईने घरी येऊन आम्हाला हे सांगितलं आणि स्वतःच्या जांभळाच्या बाटलीकडे बघून पहिल्यांदाच म्हणाली, "आपली यंदा आंबट झालेली बरी."

त्या दुपारी मामी आतल्या खोलीत खाटेवर होत्या. दार उघडं होतं. मामांनी पिवळा दोरा बाजूला केला, हिरवा केला. मग निळ्या दोऱ्याचा पेला नाकाशी नेला आणि थांबले. घोट घेतला. फुग्याचा, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावाचा, तुकडा खाऊन जीभ पुसली, पुन्हा घोट घेतला. आईने माझं मनगट इतकं आवळलं, की मला ओरडावंसं वाटलं.

"अरे, उठा रे सगळे!" मामा गरजले. "कुणी केली ही? कुठल्या घरची? अहो, बोला की! ती बाई कुठे आहे? तिला माझ्या खुर्चीत बसवा!"

वडिलांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. मामी भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत आल्या आणि वेताच्या खुर्चीत बसल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, कुणी शिट्टी मारली, विहिरीपाशी बसलेले काका तेलकट डोक्याने थेट आत घुसले.

मामांनी विचारलं, "ही तुझी?"

"माझीच."

"मला कळलं कसं नाही?"

"म्हणून तर नंबर आला!" मामी म्हणाल्या आणि घर हसण्याने दणाणलं. मामा मात्र हसले नाहीत. जेवताना त्यांनी बदकाचा मऊ तुकडा मामींच्या ताटात ठेवला आणि हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी दालचिनी घाल."

"म्हणजे पुन्हा शेवटचा नंबर द्याल."

"देईन. पण घोट घेतल्यावर मला तू ओळखू यायला हवीस."

मामी बऱ्या झाल्या. दालचिनी परत आली, शेवटचा नंबरही परत आला. तो जाहीर झाला की मामी उठून सगळ्यांना मान लववून अभिवादन करत, आणि त्या दुपारी सर्वांत मोठ्या टाळ्या त्यालाच पडत.

मामा यंदा पावसाळ्यात गेले. नाताळ करावा की नाही, असा प्रश्न होता, पण मामींनी दालचिनी घालून बरणी भरलेली होती. वडिलांनी दोरे बांधले. आम्ही सगळ्यांनी पेले हुंगल्यासारखं केलं आणि एकमुखाने मामींच्या वाईनला पहिला नंबर दिला. मामींनी आमच्या एकेकाकडे नीट पाहिलं आणि ओल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "तुम्हा कुणालाच वाईनमधलं काही कळत नाही."