पाठवणीचा प्रवेश

लग्न होऊन मी विचुंब्याला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षी सासरे गेले. सासूबाईंचा आवाज खणखणीत. गावात कुठेही हळद असली की पुढे होऊन गाणी म्हणायला त्यांनाच बोलवायचे. सासरे गेल्यावर तोंडावर कुणी काही म्हटलं नाही, पण बोलावणंच येईनासं झालं. गावात तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. सासूबाई ओट्यावर बसून वाळूचे ट्रक बघत राहायच्या.

त्याच सुमारास नवीन पनवेलमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये संगीत नाटक बसणार असल्याचं कळलं. समूहात गायला बायका हव्या होत्या, नवशिक्याही चालणार होत्या.

"आई, चला ना. मला एकटीला भीती वाटते."

"मना नाटक येत नाय," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

नाटकात आम्ही नवरीकडच्या वऱ्हाडी बायका. शिकवणाऱ्या बाई आम्हाला गोल उभं करून, डोळे मिटून एकच सूर धरायला लावायच्या. शेजारणीचा आवाज आपल्या आवाजाइतकाच ऐकू आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. माझी अडचण वेगळीच होती. गायला लागले की पाय थांबायचे, चालायला लागले की शब्द जायचे. सासूबाई मात्र सगळ्यांच्या पुढे, एकट्याच, मोठ्यानं.

"आवाज गोड आहे तुमचा," बाई म्हणाल्या, "पण मला तो वेगळा ऐकू यायला नको."

रिक्षात बसल्यावर सासूबाई फणकारल्या, "गोड हाय, तं ऐकू कशाला नको?"

तरी दुसऱ्या दिवशी आल्याच. मग गच्चीवर कपडे वाळत घालता घालता आम्ही सराव करू लागलो. त्या माझ्या पाठीवर ठेका धरायच्या आणि मी दोरीच्या कडेनं गात चालायचे. माझा आवाज दबला की त्या आपला उतरवायच्या. सासरे गेल्यानंतर त्या घरात पहिल्यांदा हसल्या, त्या माझ्या चालण्याला.

प्रयोगात पाठवणीचा प्रवेश आला. आम्ही मागे रांगेत उभं राहायचं आणि नवरीनं पुढे येऊन एकटीनं चार ओळी म्हणायच्या. नवरी झालेली कॉलेजातली मुलगी दोन ओळी म्हणून थांबली. पेटीवाल्यानं सूर पुन्हा दिला. तिचे ओठ थरथरले, डोळे भरून आले. आणि माझ्या शेजारून सासूबाई निघाल्या.

तसं बसवलेलंच नव्हतं. मी क्षणभर थबकले, मग त्यांच्यामागे गेले. माझ्या मागून अख्खी रांग आली. सासूबाईंनी पदरानं पोरीचं तोंड पुसलं आणि तिची ओळ उचलली, अगदी हळू. आम्ही सगळ्यांनी ती तितक्याच हळू धरली. पोरीलाही शब्द सापडले. समोर बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. आपण चालता चालता गायलो, हे मला पडदा पडल्यावर लक्षात आलं.

"ती शब्द विसरली, हे बरं ओळखलंत!" बाईंनी सासूबाईंचे हात धरले.

"शब्द इसरली? मना वाटलं, पोर खरीच रडते."

पुढच्या प्रयोगातही नवरीच्या ओळी झाल्या की सासूबाईंनी पुढे जायचं आणि रांगेनं मागून यायचं, असं बाईंनी ठरवलं. सासूबाईंना नीट समजावलंही. पण त्या दिवशी नवरीनं चारही ओळी चोख म्हटल्या आणि सासूबाई जागच्या हलेनात. मी कोपरानं ढोसलं.

"बरी हाय ती," त्या पुटपुटल्या. "मी कशाला जाऊ?"

शेवटी त्यांचा हात धरून मीच निघाले.