‘स्वतःचं काम’ : पाचपैकी एक

मंडलाच्या शिक्षक-प्रशिक्षणातून मी रुब्रिक, म्हणजे कशाला किती गुण ते आधीच लिहून ठेवणारा तक्ता, घेऊन आलो, तोवर आमच्या सीमेवरच्या मराठी शाळेत प्रकल्पांचे गुण चेहरे पाहूनच पडत. आधी बेरीज ठरायची, मग ती खान्यांत वाटायची. मीही तेच करत आलो होतो. या वेळी नाही, असं ठरवलं. आठवीच्या मुलांना सोबत घेऊन तक्ता केला. शब्द त्यांचेच. ‘स्वतःचं काम’ या खान्यात पाच गुणांसमोर पोरांनी लिहिलं, ‘सगळं आपण केलं’. एका गुणासमोर, ‘घरच्यानं करून देल्लं’. तक्ता भिंतीवर लावून मी म्हणालो, “आता गुण मी देणार नाही, हा देणार.”

त्या वर्गात माझी मुलगी होती. घरी बाबा म्हणायची, शाळेत सर.

तिनं घराघरांतून राखलेलं सोयाबीनचं बी मागून आणलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि कोणाचं किती उगवतं ते पाहिलं. पहिल्या खेपेला सगळं बुरशीनं गेलं. तेव्हा तिनं विचारलं होतं, “बाबा, पोतं किती ओलं ठेवू?”

“मले इचारू नको. लोक म्हणतीन, बापानं केलं.”

पुन्हा तिनं विचारलं नाही. पोती धुतली, नव्यानं बी मागून आणलं.

वर्गातून एकच प्रकल्प मंडलाच्या प्रदर्शनाला जायचा होता. तिला जायचं होतं. ते मला ठाऊक होतं. तक्त्याप्रमाणे गुण लावले तर तीच पहिली येत होती. मी पेन खाली ठेवलं. मास्तरची पोर पहिली, म्हटल्यावर पारावर काय बोलतील, ते मला ऐकू येऊ लागलं. मग मी जुनंच केलं. आधी बेरीज कमी केली, नंतर खाना शोधला. निरीक्षणात कापता येईना, कोंब सगळ्यांनी पाहिले होते. मांडणीही सगळ्यांसमोर झाली होती. एकाच खान्याला माझ्याशिवाय साक्षीदार नव्हता. तिथं मी एक लिहिला.

गुण मोठ्यानं वाचले. मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हंजे बापानंच केला न बे!” वर्ग हसला. मी पुढचं नाव वाचलं.

प्रदर्शनाला दुसराच प्रकल्प गेला. त्यानंतर तिनं आपलं कोणतंच काम मला दाखवलं नाही. गावात मात्र माझं नाव झालं. “मास्तर सरळ माणूस. पोरीलेही सोडलं नाही.” ते ऐकायला मला बरं वाटायचं. हे लिहायला जड जातं, पण वाटायचं.

ती आता निजामाबादला नोकरी करते. यंदा दिवाळीला आली तेव्हा, इतक्या वर्षांनी, मी सांगून टाकलं. ती करंज्या डब्यात भरत होती.

“मले माईत होतं बाबा,” ती म्हणाली. “मीच केलं होतं न. मले काय सांगता? वर्गाले सांगायचं होतं.”

वर्ग आता कुठं आहे? कोणी हैदराबादला, कोणी नांदेडला, पोरी सासरी. गावात एक उरला आहे, स्टँडवर बी-खताचं दुकान चालवतो. दुसऱ्या दिवशी मी तिथं गेलो. त्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. बसलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, “आमचे सर. सोताच्या पोरीले पाचातून एक देल्ला होता, आमच्यासमोर!”

मी सांगितलं. तो गुण खोटा होता, तिनं सगळं एकटीनं केलं होतं, मला माहीत होतं.

तो थोडा गोंधळला, मग हसला. “जाऊ द्या न सर. कोणाले आठवते आता?”

मघाशी त्यालाच आठवलं होतं. गिऱ्हाईक पाकिटं उलटीपालटी करत होतं. मी चहा संपवला. घरी आलो तेव्हा तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. दुकानात गेलो होतो, एवढंच सांगितलं. तिनं बॅग उचलली.