मला मंत्रपुष्प येत नाही, हे आज सांगितलं

मंडळी, बारा वर्षांची माझी एक लबाडी आज सकाळी मीच उघडी केली.

इकडे उत्तरेत, बालाजी घाटाजवळ आम्हा मराठी लोकांचा गणपती बसतो. आरती झाली, मंत्रपुष्पासाठी सगळ्यांच्या हातात फुलं दिली. गुरुजी वाटेत गर्दीत अडकलेले आणि यजमान नानांचा घसा बसलेला. नाना मला म्हणाले, "तुम्ही सांगा. दरवर्षी पुढेच तर असता!"

मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. आरत्या पाठ आहेत, मंत्रपुष्प नाही. इथल्या शास्त्रीमंडळींत ते सांगायची लाज वाटे, म्हणून दरवर्षी नुसते ओठ हलवायचो.

सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाना, मला येत नाही," मी म्हणालो. "आजवर म्हटल्यासारखं केलं."

मग नानांच्या पत्नी, माई, आतून म्हणाल्या, "अहो, मग किताब बघून म्हणा! बाप्पा काय इम्तिहान घेतोय? भोग ठंडा होतोय इकडे."

पुस्तक घेतलं. दुसऱ्याच ओळीला अडखळलो. मागे कोणीतरी हसलं. एरवी मी स्वतःलाच मनात फाडून खाल्लं असतं. आज थांबलो, श्वास घेतला आणि तीच ओळ पुन्हा म्हटली. असाच शेवटपर्यंत गेलो.

फुलं वाहताना मूर्तीकडे नीट बघितलं. इतकी वर्षं माझं सगळं लक्ष लोकांच्या नजरेकडे असायचं. डोळे भरून आले, आनंदानेच.

तुम्हाला काय येत नाही? आणि ते सांगायला कोणाला घाबरता?