उंचीचा दोरा

चिमूरच्या बाजारातला एक शिंपी दर रविवारी मशीन बंद ठेवून पलटणीत गेलेल्यांच्या पोरांना पत्रं लिहायला बसवायचा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो स्वतः पलटणीतून परतलेला, एवढंच मला माहीत. प्रत्येक पोराला दाराशी उभं करून डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा तोडायचा आणि पत्राबरोबर लिफाफ्यात घालायचा. लेकरू किती वाढलं ते बापाला कळावं म्हणून. "लिव, लिव," म्हणत बोटातल्या अंगुस्तानानं मशीनच्या फळीवर टकटक करायचा.

मी शाळामास्तर, शुद्धलेखन पाहायला जायचो. एका रविवारी आठ वर्षांच्या मुलीचं पत्र हाती आलं. 'आई बरी आहे. धानाच्या रोवण्याला जाते.' तिच्या आईच्या मातीला मी मंगळवारीच जाऊन आलो होतो.

त्याला बाजूला घेतलं. "भाऊ, हे काय लिहवलं?"

"तिचा बाप बर्फात एकटा पहारा देऊन राह्यला, गुरुजी. सुट्टीवर आला का मीच सांगीन त्याले." तो दोरा गुंडाळत राहिला. "मले पलटणीत असंच मरणाचं खरं लिवलं होतं घरून. तवा बंदूक माया हातातच होती."

पुढच्या रविवारी ती आली, दाराशी उभी राहिली, दोरा तोडून झाला. मग तिनं विचारलं, "काका, रोवणा तं सरला. आता आई काय करते म्हणून लिवू?"

टकटक थांबली. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"निंदणाला जाते, असं लिही," मी म्हणालो.